गुठळी मानेत कशी?

रक्ताची गुठळी म्हटलं की डॉक्टर आधी पोटरी तपासतात, कारण बहुतेक गुठळ्या पायांच्या शिरांतच धरतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, उपचारांनंतर मात्र ती कधी कधी मानेत सापडते, नाहीतर दंडाच्या वरच्या शिरेत. उपचार ओटीपोटात, गुठळी कानाखाली!

सुरुवात इंजेक्शनांपासून होते. एरवी महिन्याला साधारण एकच बीज पिकतं. उपचारात एकदम आठ-दहा पिकवायची असतात. प्रत्येक बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतात, त्यामुळे त्याचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. त्याची दखल यकृत घेतं. रक्त गोठवणारे घटक ते वाढवतं आणि गोठणं आवरणारी काही प्रथिनं कमी करतं. गरोदरपणातही हेच घडतं, बाळंतपणातला रक्तस्राव थांबावा म्हणून. इथे ती तयारी गर्भ राहण्याआधीच सुरू झालेली असते.

मग बीजं पक्व व्हावीत म्हणून एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. काही जणींची अंडाशयं त्यानं खवळतात. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सुटतं, केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी पोटात उतरतं. पोट तट्ट फुगतं आणि शिरांत दाटलेलं रक्त उरतं. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात.

आता मान. पोटात साचलेलं हे पाणी लसिकावाहिन्या हळूहळू शोषतात. त्यांची मुख्य नळी छातीतून वर चढते आणि डाव्या कॉलरबोनमागे, मानेची नि हाताची शीर जिथे मिळतात, नेमकी तिथेच रक्तात रिती होते. म्हणजे इस्ट्रोजेननं भरलेलं पाणी त्याच संगमावर ओतलं जातं. ही काही संशोधकांची मांडणी आहे. गुठळ्या उजवीकडेही होतात, त्यामुळे ती पुरी पडत नाही. तरी इतकं देखणं स्पष्टीकरण सोडवतही नाही.

धोका किती? स्वीडनमधल्या बाळंतिणींच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण एरवी दर हजारी ०.३, तर आयव्हीएफनंतर १.५ निघालं. वाढ मोठी, पण हजारातल्या बाकी साऱ्या जणींना त्या काळात गुठळी झाली नव्हती.

खरा पेच पुढे आहे. दिवस राहिले की गर्भ स्वतःच एचसीजी बनवू लागतो, आणि ओसरत आलेला ओएचएसएस पुन्हा उसळू शकतो. उपचाराला आलेलं यशच त्रास लांबवतं. म्हणून अंडाशयं फार चेतलेली दिसली, तर हल्ली गर्भ गोठवून ठेवतात आणि शरीर निवल्यावर पुढच्या एखाद्या महिन्यात गर्भाशयात सोडतात. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ सालीच गोठवलेला गर्भ असा पुढच्या पाळीचक्रात सोडला होता. त्यातून दुर्गा ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मुखर्जींच्या हयातीत त्यांच्या दाव्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, ही आपल्याकडची जुनी लाज. एचसीजीऐवजी दुसरं इंजेक्शन देऊन बीजं पक्व करण्याचाही मार्ग आता आहे. त्याचा असर लवकर सरतो.

गुठळी झालीच, तर हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं चालतात, कारण ती वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाहीत. अडचण गुठळी ओळखण्याची. मानेतली गुठळी बहुधा पोट उतरल्यावर, कित्येक आठवड्यांनी उमटते. मान एका बाजूनं दुखते, थोडी सुजते, आणि बाई म्हणते, उशी बदलायला हवी. अशा वेळी आयव्हीएफ झाल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगावं, म्हणजे ते मानेच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घेतील. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठायचं.