छापील सुती कापडाचा उन्हाळी टॉप: कात्री लावण्यापूर्वी

उन्हाळा आला की दुकानांतून छापील सुती कापडाचे ठाण दिसू लागतात. पांढऱ्या जमिनीवर नाजूक फुलांची सांगानेरी छपाई, मातकट-लाल व काळ्या रंगातली बगरू छपाई, बारीक पानाफुलांचे केंब्रिक. मुलींना ही कापडे आवडतात आणि उन्हात बरीही वाटतात, कारण सूत घाम टिपते. पॉलिएस्टरचा टॉप दिसायला कितीही छान असला तरी घामाने अंगाला चिकटतो.

असा टॉप घरच्या मशीनवर एका दुपारी शिवून होतो. मात्र साध्या कापडात जी चूक खपून जाते ती छापील कापडात चारचौघांत दिसते. फुले उलटी लागली किंवा धुतल्यावर टॉप आखूड झाला, तर कापडाचे पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणून भगिनींनो, या शिवणकामातला अर्धा वेळ कात्री हाती घेण्यापूर्वीच खर्च करावा.

आधी धुणे

३४ इंच छातीच्या टॉपला दीड मीटर कापड पुरते. पन्हा ३६ इंच असो वा ४४ इंच. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटरही जातात. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असताना उलट बाजूने इस्त्री करावी.

रंग पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या रुमालाने कापडाचा कोपरा घासावा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड वेगळे धुवावे. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असा समज आहे, पण छापून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. जादा रंग निघून जाऊ देणे हाच उपाय.

छाप ओळखा

कापड जमिनीवर पूर्ण पसरून उभे राहून पाहावे. फुलांचे देठ सगळे एकाच दिशेला आहेत का? असतील तर तो एकदिशी छाप. अशा कापडाला खांद्यावर घडी घालून पुढचा-मागचा भाग अखंड कापला, तर पाठीवरची फुले खाली डोके करून येतात. त्यामुळे दोन्ही भाग वेगवेगळे, पण एकाच दिशेने कापावेत आणि खांद्यावर शिलाई घ्यावी. बुट्टे मोठे असतील तर फुलांची रांग बरोबर मध्यावर घ्यावी. छातीवर दोन बाजूंना दोन मोठी फुले येणार नाहीत, हेही पाहावे.

बेतणे

नवशिक्या मुलींसाठी धडाबरोबरच कापलेली आखूड बाही सर्वांत सोपी. शिवणवर्गात तिला मग्यार बाही म्हणतात. हिला वेगळा मुंढा बसवावा लागत नाही आणि छापही तुटत नाही.

कापडाला उभी घडी घालावी. घडीची बाजू म्हणजे टॉपचा मध्य. पुढील मापे या घडीपासून आणि शिलाई धरून आहेत.

उंची २३½ इंच (तयार टॉप २२ इंच).
गळ्याची रुंदी ३½ इंच, पुढची खोली ५½ इंच, मागची २ इंच.
बाहीच्या टोकापर्यंत १३ इंच, तेथे खांद्याचा उतार १½ इंच.
बाहीच्या टोकाची उभी रुंदी ७½ इंच.
छातीजवळ १० इंच, खाली घेर ११ इंच.

छातीचे माप असे निघते: ३४ मध्ये सैलपणाचे ४ मिळवून ३८, त्याचा चौथा भाग ९½ आणि शिलाईचा अर्धा इंच. आपले माप वेगळे असेल तर याच रीतीने काढावे. बाहीच्या खालच्या टोकापासून बगलेपर्यंत गोलसर वळण द्यावे. बगलेचा बिंदू वरून ११ इंचांवर येतो. खडूने आखून झाल्यावर गळ्याच्या कडेवर टेप फिरवावी. पुढचा-मागचा मिळून घेर डोक्याच्या घेरापेक्षा जास्त हवा, नाहीतर टॉप डोक्यातून जाणार नाही.

शिवणे

प्रथम दोन्ही खांदे जोडावेत. मग उरलेल्या तुकड्यातून सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी काढून गळ्याला लावावी. उरेब म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली पट्टी. ती ताणली जाते, म्हणून गोल गळ्यावर नीट बसते. सरळ पट्टी लावल्यास गळ्याला चुण्या पडतात. छापातल्याच एखाद्या रंगाच्या साध्या कापडाचा गोट लावला तर गळा उठून दिसतो.

नंतर बाहीपासून खालपर्यंत बाजूची एकच शिलाई घालावी, शेवटचे तीन इंच चिरेसाठी मोकळे सोडावेत. बगलेतल्या वळणावर दोन-तीन बारीक काप द्यावेत, पण ते दोऱ्यापर्यंत पोचू देऊ नयेत. हे काप दिले नाहीत तर हात वर करताच बगल ओढते. कडा ओव्हरलॉक कराव्यात किंवा हाताने तिरपे टाके घालावेत. शेवटी बाही, चिरा आणि खालची कड दुमडून शिवावी.

या टॉपला लेस, झालर, मणी काही लावू नये. कापडाच्या छापातच नटवेपणा आहे. शिंप्याकडे टाकलेल्या टॉपची शिलाई पुष्कळदा कापडाच्या किमतीला येऊन भिडते. ती वाचते, ही गोष्ट लहान नाही. शिवाय पहिला टॉप नीट बसला की मुलीचा हात मोकळा होतो, मग ती धाकट्या बहिणीचा शिवते, शेजारणीचा शिवून चार पैसेही मिळवते. तेव्हा पहिल्या वेळी आईने जवळ बसावे, पण कात्री मुलीच्याच हाती द्यावी.