भुईरिंगणीपाशी जरा थांबा

पडीक माळावर, रस्त्याकडेला काटेरी भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरलेली असते. दशमुळांतली म्हणून वैद्य तिला मानतात. मला वेड आहे तिच्या जांभळ्या फुलांचं. या फुलात मध नाहीच. आहे तो पराग, तोही मधल्या पिवळ्या परागकोशांत बंद. प्रत्येक कोशाच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं, मिठाच्या डबीसारखी. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा मोठा काळा भुंगा येतो, कोशांना घट्ट बिलगतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने पराग बाहेर उडतो. जवळ कान न्या, गुणगुण स्पष्ट ऐकू येते! आपल्या नेहमीच्या मधमाश्यांना हे जमत नाही. वांगं याच कुळातलं, त्याच्या फुलाची घडणही अशीच. म्हणून मळ्याच्या बांधावर या माश्या हव्यातच.

शेजारी एकदांडी म्हणजे दगडी पाला असेलच. मूळची अमेरिकेतली, पण इथे बारमाही फुलते. तिचं एक फूल म्हणजे खरं तर बारक्या फुलांचा गुच्छ, त्यामुळे फुलपाखरं एकाच जागी बसून निवांत मध पितात.

आणि हो, निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीत बिळं करतात. बांधाचा थोडा तुकडा न खणता राहू द्या.