बाजारातील सफरचंद : कलम, रंग आणि साठवण

प्रस्तावना :

महाराष्ट्रात सफरचंदाचे पीक नावापुरतेच आहे. तरीही पुण्या-मुंबईच्या फळबाजारात आणि सुपरमार्केटच्या फळ्यांवर ते बाराही महिने मांडलेले आढळते. आंबा घेताना मराठी ग्राहक देठ हुंगतो, आंबा कोठला आहे हे विचारतो, मोसम सरला की हात आखडता घेतो. सफरचंदाच्या बाबतीत मात्र तो सर्वस्वी डोळ्यांवर विसंबतो. गडद तांबडा रंग, एकसारखा आकार आणि चकाकी या तीन गोष्टी दिसल्या की फळ उत्तम, असे तो गृहीत धरतो. हे फळ पिकते कसे, असा प्रश्न एखाद्या चौकस ग्राहकाने विचारल्यास त्याला मिळणारे उत्तर या समजुतीला धक्का देणारे आहे. प्रस्तुत लेखात ते उत्तर मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बी नव्हे, कलम :

सफरचंदाचे बी पेरले असता मूळ फळासारखे फळ मिळत नाही. या झाडाला सामान्यतः दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे प्रत्येक बी हा नवा संकर असतो आणि त्यातून बहुधा लहान, आंबट वा तुरट फळच येते. म्हणून हव्या असलेल्या जातीची काडी किंवा डोळा घेऊन तो दुसऱ्या खुंटावर बांधला जातो. याचा अर्थ असा की, एका नावाची जगातील सारी सफरचंदे ही मुळात एकाच झाडाचा विस्तार होत.

रेड डेलिशियस ही भारतात सर्वाधिक परिचित असलेली जात याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात, पेरू गावाजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत १८७०च्या सुमारास एक रोप आपोआप उगवले. त्याने ते छाटूनही पुन्हा फुटले, असे सांगतात. १८९०च्या दशकात स्टार्क या रोपवाटिकेने त्याचे हक्क घेतले. पुढे अमेरिकेतून हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल स्टोक्स (नंतरचे सत्यानंद स्टोक्स) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही जात हिमाचलातील कोटगढ परिसरात लावली. हिमाचलच्या बागायतीचा आजचा चेहरा बव्हंशी त्या लागवडीतून घडला.

खुंटाची निवड हा बागायतदाराचा मोठा निर्णय असतो. बियांपासून वाढविलेल्या खुंटावरील झाड उंच होते आणि फळावर येण्यास सात-आठ वर्षे घेते. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रातून आलेल्या एम-९ या बुटक्या खुंटावरील झाड दोन-तीन वर्षांतच फळ देते. मात्र त्याची मुळे उथळ असल्याने त्याला तारांचा आधार व ठिबक सिंचन द्यावे लागते. डोंगरउतारावरील लहान शेतकऱ्यास हा खर्च झेपतोच असे नाही.

रंगाची किंमत :

हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली तरच कळ्यांची सुप्तावस्था नीट मोडते. डेलिशियस वर्गातील जातींना सात अंश सेल्सिअसखालील सुमारे हजार तास लागतात. वसंतात फुले आली की परागीभवनासाठी बागेत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवाव्या लागतात. नंतर झुबक्यातील जादा फळांची विरळणी होते. एकसारखा आकार दिसतो तो या विरळणीतून व पुढील प्रतवारीतून.

तांबडा रंग हा सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्याचा परिणाम होय. त्याला ऊन व थंड रात्री लागतात. रंग भरावा म्हणून फळांवरील पाने खुडतात, काही ठिकाणी झाडाखाली प्रकाश परावर्तित करणारे कापड अंथरतात. इथेफॉन फवारूनही रंग लवकर आणता येतो, परंतु असे फळ लवकर मऊ पडते. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. १९२०च्या दशकात न्यू जर्सीतील एका झाडाच्या एकाच फांदीला लवकर आणि अधिक तांबडी फळे आली. त्या फांदीची कलमे झाली, त्यांतून आणखी गडद फांद्या निवडल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या निवड रंगाची झाली, चवीची नव्हे. फळ लाल होत गेले, साल जाड होत गेली आणि गोडवा मागे पडला. २०१८ साली अमेरिकेतील उत्पादनात गाला या जातीने रेड डेलिशियसला मागे टाकले.

साठवण :

हिमाचलात तोडणी जुलै ते ऑक्टोबर, काश्मिरात साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात होते. मग एप्रिलमधील सफरचंद कोठून येते? ते एकतर चिली, न्यूझीलंड यांसारख्या दक्षिण गोलार्धातील देशांतून येते किंवा नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहातून. तोडलेले फळही श्वसन करीत असते. शून्य-एक अंश तापमानात, प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आणला की हे श्वसन मंदावते आणि फळ आठ-दहा महिने टिकते. केंब्रिजमधील किड व वेस्ट यांच्या १९२०च्या दशकातील संशोधनावर ही पद्धत उभी आहे. यात अपायकारक असे काही नाही. तथापि दीर्घ साठवणीत फळाचा सुवास उणावतो. धुताना गेलेल्या नैसर्गिक मेणाच्या जागी दिलेला खाद्य मेणाचा लेपही वैध आहे. चकाकी मात्र त्याची असते, ताजेपणाची नव्हे. फळावरील चिकटपट्टीचा चार अंकी क्रमांक जात व आकार सांगतो. तोडणीचा महिना त्यावर नसतो.

बागायतदाराच्या वाट्याला :

हिमाचलात पेटीचा भाव ठरे, वजनाचा नव्हे. एकात एक सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीत वीस किलोंऐवजी तीस किलोंपर्यंत माल कोंबावा लागे आणि वरचे वजन बागायतदाराच्या पदरचे जाई. प्रदीर्घ मागणीनंतर २०२४च्या हंगामापासून सुमारे वीस किलोंची एकसमान पेटी सक्तीची झाली. गारांचा मार लागलेल्या, डागाळलेल्या फळांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांना ताज्या फळांच्या बाजारात फारसा उठाव नसतो. अशी फळे राज्य शासनाने २०२३ साली किलोस बारा रुपये दराने घेतली. रस काढणाऱ्या कारखान्यांकडे जाणाऱ्या त्या फळांचा गर प्रथम प्रतीच्या पेटीतील गराइतकाच गोड असतो. गार लागलेली असते ती सालीला.