सहा नमुने पिवळे पडले

जुना राष्ट्रीय महामार्ग ६ सुरतजवळच्या हजीऱ्याहून निघायचा आणि धुळे, जळगाव, अकोला, नागपूर करत कोलकात्याला पोचायचा. आता त्याच्या मोठ्या भागाचा क्रमांक ५३. अशा रस्त्यांवरच्या ट्रकचालकांकडे एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात खास लक्ष दिलं जातं. घरापासून लांब राहण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जातात. तपासणी शिबिरात चालक बोट पुढे करतो. त्या थेंबभर रक्तात काय शोधतात?

बहुतेकदा प्रतिपिंडं. विषाणू शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रथिनं बनवतं, ती. त्यांना तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून घाईने केलेली चाचणी फसवू शकते.

भारतात एचआयव्हीची ही खूण पहिल्यांदा सापडली १९८६ मध्ये, मद्रासला. त्यामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. चामड्याचा व्यापार करणारं मद्रासचं मराठी घर, आठ भावंडांत ही एकटीच मुलगी. दरवर्षी घरी लस टोचायला येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे तिला डॉक्टरकीची ओढ लागली. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं रक्त तपासायला सांगितलं. एड्स आपल्याकडे नाहीच, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. निर्मला यांनी ऐंशीहून जास्त नमुने जमवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात केलेल्या चाचणीत त्यातले सहा पिवळे पडले. प्रतिपिंडं असली की या चाचणीत रंग उमटतो. अमेरिकेतल्या फेरतपासणीनेही तेच सांगितलं.

शोध लागला म्हणून सॉलोमन तिथे थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने त्यांनी ‘वाय. आर. गायतोंडे’ केंद्र उभारलं. औषध कधी सुरू करावं, या शोधातही ते सामील झालं. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींनाच गाठतो. त्या घटत गेल्या की क्षयासारखे रोग डोकं वर काढतात. पूर्वी त्या बऱ्याच घटेपर्यंत औषध थांबवून ठेवत. एकाला लागण आणि दुसरा निरोगी, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक चाचणी झाली. तिच्यात चेन्नईचं हे केंद्र होतं, पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते.

चेन्नईच्या त्याच केंद्रात सॉलोमन लागण झालेल्यांची लग्नंही जुळवत. स्थळ बघताना जात, शिक्षण, पगार यांच्या शेजारी सीडी-४ चा आकडा मांडलेला असे.