पहिल्यांदाच पायी वारीला निघताय? महिनाभर आधी लागा तयारीला

मृगाच्या सरी पडल्या की गावोगावी एकच विचारणा सुरू होते, "यंदा कोण कोण निघालंय?" दरवर्षीच्या वारकऱ्यांना काही सांगावं लागत नाही. धांदल उडते ती पहिल्यांदा निघणाऱ्यांची. शेतात राबणाऱ्या माणसाला वाटतं, चालायचं काय, आपण रोजच चालतो. पण शेतातलं चालणं मातीवरचं आणि थांबत थांबत असतं. वारीत तापलेल्या नाहीतर ओल्या डांबरावरून दिवसभर आणि रोज चालावं लागतं. तिथं पायाची खरी परीक्षा होते.

किती चालायचं?

ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून, तर तुकोबारायांची आदल्या दिवशी देहूहून प्रस्थान ठेवते. आळंदी ते पंढरपूर वाट साधारण २५० किलोमीटर आणि तीन आठवड्यांच्या आतबाहेरची आहे. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम करत माउलींची पालखी पंढरीत पोचते. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात दमवणारा. एका दिवसात ३० किलोमीटरच्या आसपास चाल आणि त्यातच दिवेघाटाची चढण. नवख्याचे पाय इथंच बोलायला लागतात.

चालण्याचा सराव

महिना-दीड महिना आधीपासून पहाटे चालायला लागा. सुरुवात ३-४ किलोमीटरनं करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. निघायच्या आधी १२ ते १५ किलोमीटर चालून पाहा. तेही लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी पाय कसे उठतात, त्यावरून आपली तयारी कळते.

वारीसाठी म्हणून ऐनवेळी नवी चप्पल किंवा बूट घेऊ नका. महिनाभर वापरून पायात बसलेलं पायताणच न्या, शिवाय एक जादा जोड ठेवा. पावसात भिजले तर पाय पुसून कोरडे करा, मोजे बदला. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ पट्टी लावा आणि वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखवा.

बीपी-शुगरवाल्यांनी हे वाचाच

"पांडुरंगाच्या वाटेवर गोळी कशाला?" असं म्हणून काही जण औषध घरीच ठेवतात. असं करू नका. निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि पूर्ण वारी पुरतील एवढ्या गोळ्या, दोन-चार दिवसांच्या जादा धरून, सोबत घ्या. इन्सुलिन कसं सांभाळायचं ते विचारून घ्या. उपवास धरायचा का, हेही आधीच विचारा.

शुगर असलेल्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. खडा टोचला, फोड फुटला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी अनवाणी चालू नये. रोज मुक्कामाला तळपाय उजेडात नीट बघावेत, नाहीतर सोबत्याला बघायला सांगावेत.

चालताना छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन लावा. "थोडं पुढं जाऊन बसू" म्हणत चालत राहू नका.

पाणी

तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहा. टँकरचं किंवा खात्रीचंच पाणी प्या. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालतं. चमचा चहाचा घ्या.

दिंडी आणि चिठ्ठी

एकट्यानं निघू नका. गावातल्या किंवा शेजारच्या दिंडीप्रमुखांना आधीच भेटा. जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक यासाठी किती पैसे भरायचे ते विचारून ठेवा. मोठी बॅग ट्रकमध्ये जाते. खांद्यावरच्या पिशवीत पाणी, औषध, रेनकोट, टॉवेल आणि खाऊ एवढंच ठेवा.

गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून एका कागदावर दिंडीचा नंबर, दिंडी रथापुढे आहे की रथामागे, ट्रकचा नंबर, दिंडीप्रमुखांचा व घरचा फोन, चालू औषधं असं लिहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. चुकामूक झाली तर हाच कागद कामाला येतो.

पंढरपूर आणि परतीची वाट

धरणाचं पाणी सोडलं की चंद्रभागेची पातळी वाढते. कडेलाच स्नान करा, खोल पाण्यात जाऊ नका. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग फार लांब असते. अनेक वारकरी कळसाचं दर्शन घेऊन, नामदेव पायरीला माथा टेकून समाधानानं परततात. आषाढीला एसटी जादा गाड्या सोडते, तरी परतीचं भाडं वेगळं बांधून ठेवा.

घरी पेरणी, जनावरं, धारा कोण बघणार, हे निघण्याआधी ठरवा. मन मागं अडकलं की पाय जड होतात. आणि वाटेत पाय अगदीच चालेनासे झाले, तर एखादा टप्पा दिंडीच्या गाडीत बसून जा. त्यात कमीपणा नाही. कित्येक जुने वारकरीही तसंच करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळ घेऊन चालायला लागतात.