गच्चीवरचं एक युनिट

मुलांनो, एक गणित घालू का? तोंडीच आहे, घाबरू नका. घरातली चटई दुमडून गच्चीवर अशी टाका, की साधारण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा झाकली जाईल. आता भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, एवढ्याशा जागेवर किती ऊन पडत असेल? सुमारे १००० वॉटचं! तुमच्या घरातली इस्त्री ७५० किंवा १००० वॉटची असते. म्हणजे एक इस्त्री चालेल एवढी शक्ती त्या चटईवर पडते, आणि आपण तिथे काय करतो? कुरडया वाळवतो! (कुरडयांना माझी मुळीच हरकत नाही बरं का. ती तर आपल्या आज्यांनी फार पूर्वीपासून वापरलेली सौरशक्ती आहे.)

आज आपण या उन्हातला चिमूटभर भाग पकडून त्यावर रात्री एक दिवा लावायचा आहे. तोही स्वतःच्या हातांनी जुळणी करून.

पण थेट बॅटरीला हात घालायचा नाही. आधी एक खेळ करू. तो तिसरी-चौथीतल्या मुलांनाही जमतो. वह्यापुस्तकांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शाळेच्या प्रयोगांसाठी ६ व्होल्टची, तळहाताएवढी सोलर प्लेट मिळते. तिच्याबरोबर खेळण्यातली लहान मोटर घ्या. मोटरच्या दांड्यावर जाड कागदाचा पंखा चिकटवा. प्लेटच्या दोन वायर मोटरच्या दोन टोकांना जोडा आणि उन्हात धरा. पंखा अडला तर बोटाने हलकेच ढकला, की निघालाच गरगर!

आता गंमत पाहा. प्लेटवर बारीक रेघांनी वेगळे केलेले काळसर-निळे पट्टे दिसतील. त्यातल्या फक्त एका पट्ट्यावर बोट ठेवा. बाकी सगळी प्लेट उन्हातच आहे, तरीही पंखा मंदावतो किंवा चक्क थांबतो! असं का? तर हे पट्टे, म्हणजे सेल, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलमधून जाणारी वीज पुढच्यातून जाते, पुढची त्याच्या पुढच्यातून. एकच रस्ता. मधे एकाने रस्ता अडवला की सगळेच खोळंबले. आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा एक मुलगी चटकन म्हणाली, “बाई, म्हणजे प्लेटवर पिंपळाचं एक पान पडलं तरी दिवा बंद?” अगदी बरोबर! मोठ्या प्लेटमध्ये यावर थोडा उपाय केलेला असतो, पण आपल्या लहान प्लेटला एक पान, एक पतंग किंवा वाळत घातलेल्या धोतराची सावलीसुद्धा महागात पडते. म्हणून प्लेटची जागा ठरवताना सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन वेळा गच्चीवर जाऊन सावल्या कुठे पडतात ते आधी पाहून या.

हाच पंखा घरात ट्यूबलाइटखाली धरून पाहा. हलणारसुद्धा नाही. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा उजेड उन्हापुढे किती किरकोळ असतो, ते तेव्हा कळतं.

उजेड पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल याने १८३९ साली पाहिले होते. पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. उन्हाच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा भागांची तो वीज करी. १९५८ मध्ये असे सेल व्हॅनगार्ड या उपग्रहावर बसून अवकाशातही गेले. आज घरांवर बसणाऱ्या मोठ्या प्लेट शंभरातले वीस आणि त्याहूनही थोडे जास्त भाग वीज करतात.

आता आपला दिवा. यात घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. सामान असे: १० वॉटची, १२ व्होल्टची सोलर प्लेट, यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ एएचची बंद बॅटरी, एक लहान चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्ट डीसीवर चालणारा ३ वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि बटण, ५ अँपिअरचा फ्यूज, तांब्याची लाल आणि काळी वायर, आणि एक साधा मल्टिमीटर. घरातला नेहमीचा बल्ब इथे चालत नाही, म्हणून घेताना बल्बवर ‘१२ व्होल्ट डीसी’ लिहिलेले आहे ना ते वाचा. सगळे मिळून साधारण दोन-तीन हजार रुपयांचे काम आहे. चार घरांनी मिळून किंवा शाळेने एकच संच केला तरी उत्तम.

प्लेट घरी आणली की उन्हात ठेवा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून मोजा. आकडा येईल २१ च्या आसपास. अरेच्चा! वर तर १२ व्होल्ट लिहिलंय. दुकानदाराने दुसरीच प्लेट दिली की काय? नाही. असं पाहा, वरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत आपोआप येतं, उलटं येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी भरताना ती १४ व्होल्टच्या वर जाते. तिच्यात वीज ‘ओतायची’ तर प्लेट तिच्याहून उंचावर हवी. म्हणून अशा प्लेटमध्ये बहुधा ३६ सेल असतात. प्रत्येकाचा सुमारे अर्धा व्होल्ट किंवा थोडा जास्त. मोजा तुमच्या प्लेटवर!

मग प्लेट आणि बॅटरी सरळ जोडून का टाकायची नाही? कारण बॅटरी पोटभर भरल्यावरही प्लेट तिला भरवतच राहील. तिथे चार्ज कंट्रोलर पहारा देतो. बॅटरी भरली की तो वीज थांबवतो, आणि रात्री ती फार रिकामी होऊ लागली की दिवा तोडतो. त्याच्यावर वायर जोडायच्या तीन जोड्या असतात आणि शेजारी प्लेट, बॅटरी आणि दिव्याची चित्रे. जोडायचा क्रम लक्षात ठेवा: आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी दिवा. सोडवताना याच्या उलट. लाल वायर नेहमी अधिक चिन्हाला, काळी उणे चिन्हाला.

रंगावरून आठवलं. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तिथल्या बेअरफूट कॉलेजात देशोदेशींच्या खेड्यांतल्या बायका सौर दिव्यांची जुळणी शिकून गेल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी आज्या झालेल्या, कधी शाळेत न गेलेल्या आणि एकमेकींची भाषाही न समजणाऱ्या. त्या शिकल्या रंग, खुणा आणि हातांच्या सवयीवर. तेव्हा “मला नाही बाई यातलं काही कळत” असं तुमच्या घरात कोणी म्हणालं, तर त्यांना लाल वायर हातात देऊन कामाला लावा!

आता जरा कान टवकारून ऐका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून बॅटरी गरीब वाटते. ती गरीब नाही. तिची दोन टोके चुकून एखाद्या पक्कडीने किंवा बांगडीने जोडली गेली, तर क्षणात एवढी वीज धावते की वायर लालबुंद होते, ठिणग्या उडतात, हात भाजतो. म्हणून काम करताना अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवायच्या. फ्यूज लाल वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. म्हणजे पुढे कुठेही गडबड झाली तर आधी फ्यूज जळेल, घर नाही. बॅटरी उशाशी किंवा बंद पेटीत ठेवायची नाही, हवेशीर जागी ठेवायची. जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सेल काढून वापरायची हुशारी तर अजिबात नको, ते पेट घेऊ शकतात. आणि हा संच घरच्या वायरिंगला, भिंतीतल्या प्लगला कधीही जोडायचा नाही. पत्र्यावर चढायचं काम मोठ्यांचं, तुम्ही खालून सूचना द्या.

प्लेटचे तोंड दक्षिणेकडे हवे. दक्षिण कशी शोधाल? दिवाळी ते होळीच्या दिवसांत भर दुपारी काठी उभी करा. तिची सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडते, त्याच्या समोरची दक्षिण. प्लेट किती तिरपी ठेवायची हे तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे! गावाचा अक्षांश जेवढा, तेवढे अंश. कोल्हापूरला सुमारे १७, पुण्याला साडेअठरा, नाशिकला २०, नागपूरला २१. प्लेट ३५ सेंटिमीटर लांब असेल आणि तिची मागची कड पुढच्यापेक्षा १२ सेंटिमीटर उंच ठेवली, तर तो कोन बरोबर २० अंशांचा होतो. दोन विटा आणि एक फळी, झालं काम. वाऱ्याने उडू नये म्हणून घट्ट बांधा मात्र.

प्लेटखाली हातभर नाही, पण वीतभर तरी मोकळी जागा ठेवा. याचं कारण अनेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. प्लेटला ऊन आवडतं, उष्णता नाही! तिच्यावर लिहिलेले १० वॉट हे सेल २५ अंश तापमानाला असतानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी पत्र्यावर ती सहज ६५ अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्यानेच शंभरातले पंधरा-सोळा भाग वीज कमी होते. जानेवारीतल्या थंड, स्वच्छ दुपारी ती कधी कधी वैशाखापेक्षा जोमात असते. धूळही पुसायला हवी, पण सकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आता माझा आवडता भाग, हिशेब. एक वही करा, किराणा दुकानात उधारीची असते तशी. जमा आणि खर्च. दिवसभराचं कमीजास्त ऊन एकत्र केलं, तर कडक उन्हाचे साधारण पाच तास भरतात. १० वॉट गुणिले ५ तास, म्हणजे ५० वॉट-तास. पण उष्णता, धूळ, बॅटरीत शिरताना आणि निघताना होणारी गळती धरून हातात येतात ३३ च्या आसपास. ही जमा. खर्चाच्या बाजूला आपला ३ वॉटचा दिवा. ५ तास लावला तर १५. मोबाईल एकदा पूर्ण चार्ज करायला सुमारे २०. झाले ३५! म्हणजे अभ्यास आणि बाबांचा मोबाईल यांत पहिल्याच दिवशी भांडण. आणि छताचा जुना पंखा? तो ७५ वॉटचा असतो. अर्ध्या तासात सगळी दिवसभराची कमाई गट्टम.

बॅटरीची तिजोरी १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॉट-तासांची. पण ही बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच आपली समजायची. ४२ वॉट-तास.

रोजचे ३३, तर महिन्याचे किती? जवळजवळ १०००. आणि १००० वॉट-तास म्हणजेच विजेच्या बिलावरचं एक युनिट. म्हणजे तुमची प्लेट महिनाभर गच्चीवर तळपते तेव्हा कुठे एक युनिट जमतं! आता घरचं बिल काढा. त्यावर महिन्याला १०० युनिट असतील, तर तेवढी वीज गोळा करायला तुमच्या प्लेटला शंभर महिने लागतील, आठ वर्षे आणि चार महिने. हे वर्गात फळ्यावर मांडलं तेव्हा मुलं गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी एकाची आई सांगायला आली, “बाई, हा घरभर बटणं बंद करत फिरतोय, पाहुण्यांच्या डोक्यावरचा पंखाही बंद केला!” धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला २०१३ मध्ये महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तुमच्याएवढ्या प्लेट मोजल्या तर त्या सव्वा कोटी होतील.

म्हणून पालकांना स्पष्टच सांगते, या संचाने बिल काही रुपयांनीच कमी होईल. बिल कमी करायचे असेल तर छतावरच्या मोठ्या संचाची चौकशी करा. त्यासाठी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आहे, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यायचे. आपला संच आहे तो परीक्षेच्या आदल्या रात्री दिवे गेले तर पुस्तकावर पडणाऱ्या उजेडासाठी. बॅटरी काही वर्षांनी थकेल, तेव्हा तिला कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि आम्ल असतं, ती दुकानदाराला परत द्या.

आणि हे गणित वहीत सोडवा. सोमवारी संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली आहे, म्हणजे आपले ४२ वॉट-तास. मंगळवारी आणि बुधवारी पावसाची झड लागली, दिवसाला १० वॉट-तासच जमा झाले. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही रात्री दिवा पाच-पाच तास हवा आहे. बुधवारी रात्री आईचा मोबाईलही पूर्ण चार्ज करायचा आहे. जमेल का? नसेल जमत, तर दिवा किती तास लवकर मालवावा लागेल?