नवा कन्सोल घ्यावा तरी कशासाठी?

सप्टेंबर २०२४ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ जाहीर केला. त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी जुन्या आणि नव्या यंत्रावरची दृश्यं शेजारीशेजारी ठेवून दाखवली. फरक होता, नाही असं नाही. पण तो शोधायला लांबच्या गर्दीतले बारकावे आणि गाडीच्या पत्र्यावरची प्रतिबिंबं न्याहाळावी लागत होती. जाहीर झालेली किंमत ६९९ डॉलर होती, आणि डिस्क ड्राइव्ह हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यायचा. भारतात तर हा कन्सोल तेव्हा विक्रीला आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला झालेला नव्हता.

त्याच सादरीकरणात सर्नी यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. अधिक रेखीव चित्र की अधिक सफाईदार हालचाल, असा पर्याय गेम देतो तेव्हा साधारण चारातले तीन खेळाडू हालचाल निवडतात. प्लेस्टेशन २ च्या काळापासून कंट्रोलर हातात असलेल्या माझ्यासारख्याला याचं नवल वाटलं नाही. नवा कन्सोल घ्यायचा तो हाताला जाणवणाऱ्या फरकासाठी, हे माझं जुनं मत आहे. डोळे बारीक करून शोधावा लागणारा फरक पैसे मोजण्याजोगा नसतो.

हाताला जाणवतं म्हणजे काय? गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद टिकतं. ६० चित्रं असतील तर जेमतेम १७. बटण दाबल्यापासून पात्राने उडी मारेपर्यंतचा वेळही त्यामुळे घटतो. गाडी वळणावर नेमकी कधी वळवायची किंवा शत्रूचा वार कधी चुकवायचा, हे या मिलिसेकंदांवर ठरतं. उलट फुल एचडीवरून फोर-केवर जायचं, तर यंत्राला २१ लाखांऐवजी ८३ लाख ठिपके रंगवावे लागतात. चौपट मेहनत, आणि सोफ्यावर बसून मध्यम आकाराचा टीव्ही पाहणाऱ्याला त्यातला बराचसा भाग कळतही नाही.

२०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्सची खरी कमाई ग्राफिक्स नव्हती; ती होती एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण. आधीच्या पिढीत फिरती हार्डडिस्क असायची. हवी ती माहिती शोधत तिचं टोक इकडून तिकडे सरकायचं आणि त्यात वेळ जायचा. हा वेळ वाचवण्यासाठी ‘स्पायडर-मॅन’सारख्या गेममध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची टपालपेटीसारखी साधी वस्तू डिस्कवर शेकडो वेळा साठवून ठेवावी लागे, असं सर्नी यांनीच सांगितलं आहे. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये नायक क्रेटोस खडकाच्या फटीतून अंग चोरून सरकतो, तेव्हा पुढचा प्रदेश मागच्या मागे लोड होत असतो. एसएसडी आली आणि या कसरतींची गरज उरली नाही. ‘स्पायडर-मॅन’मध्ये शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १५ सेकंद लागत, २०१९ च्या प्रात्यक्षिकात तेच काम एका सेकंदाच्या आत झालं. हरल्यावर लगेच पुन्हा खेळायला मिळणं, दिवसभराच्या कामानंतरच्या अर्ध्या तासात खरोखर अर्धा तास खेळता येणं, याला मी प्रगती म्हणतो.

जुन्या यंत्राची मर्यादाही मान्य करायला हवी. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांना तो पेलवेना. सोनीने तो आपल्या दुकानातून आठवडाभरात काढला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. अशा वेळी नवं यंत्र ही गरज असते. पण अशा वेळा थोड्या असतात. ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ २०२३ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. त्या स्विचमधली चिप २०१५ च्या पिढीची. तरीही लाकडाच्या फळ्या, चाकं आणि पंखे जोडून स्वतःचं वाहन बनवण्याचं जे स्वातंत्र्य त्या गेमने दिलं, ते कितीतरी ताकदवान यंत्रांवरच्या गेमना जमलेलं नाही.

ग्राफिक्सच्या शर्यतीची किंमत गेमनाही मोजावी लागते. अमेरिकेतल्या एका खटल्यात २०२३ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांनुसार ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’वर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले. एवढा पैसा लागला की कोण धोका पत्करणार? मग जुन्याच गेमचे पुढचे भाग येतात, नाहीतर जुनेच गेम रंगसफेदी करून पुन्हा विकले जातात. नवी कल्पना लहान चमूंकडून येते. पत्त्यांचा ‘बलाट्रो’ मुख्यतः एकाच माणसाने बनवला आणि २०२४ च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये तो सर्वोत्तम गेमच्या नामांकनात होता. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ २०२० मध्ये आला. लोकवर्गणीची मोहीम आधी फसली होती, तरी त्या छोट्या चमूने दुर्गा, विष्णू, राजस्थानी वास्तुकला आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ गुंफून गेम पुरा केला, आणि तो सर्वांत आधी खेळायला मिळाला तो स्विचवर!

आता पैशाचं बोलू. पूर्वी थांबणाऱ्याचा फायदा व्हायचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, दोन वर्षांत १९९ वर आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. चिप दर काही वर्षांनी आकाराने लहान होई आणि स्वस्तही. आज चिप लहान करणंच फार महाग झालं आहे. ४९९ डॉलरचा प्लेस्टेशन ५ तर पाच वर्षांनी ५४९ ला गेला. भारतातही २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला हा कन्सोल पुढच्याच वर्षी ५४,९९० रुपये झाला. मोठ्या कंपनीचा नवा गेम ४,९९९ रुपयांना पडतो. मध्यमवर्गीय घरात हा मोठा खर्च आहे आणि तो विचार करूनच व्हायला हवा.

त्यात कन्सोलमधून डिस्क गेली की आपला हक्कही आक्रसतो. डिस्क मित्राला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते, अर्ध्या किमतीत सेकंडहँड घेता येते. डाउनलोड केलेल्या गेमचं यातलं काहीच होत नाही. अर्थात डिस्क हीसुद्धा पूर्ण हमी नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या ऑनलाइन गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि डिस्क विकत घेतलेल्यांचाही गेम संपला. त्यावरून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ चळवळीच्या युरोपातल्या याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. पैसे मोजून घेतलेला गेम खेळता येत राहावा, ही मागणी रास्त आहे आणि तिच्या बाजूने प्रत्येक खेळाडूने बोललं पाहिजे.

म्हणून खरेदीआधी तीन प्रश्न विचारावेत. मला मनापासून खेळायचा असलेला कोणता गेम माझ्या आताच्या यंत्रावर चालतच नाही? नव्या यंत्रावर तो ६० चित्रांच्या वेगाने चालेल का? आणि माझ्या टीव्हीवर, माझ्या बैठकीच्या अंतरावरून तो फरक कळेल का? प्लेस्टेशन ४ वाल्याची उत्तरं बहुधा ‘घ्या’ म्हणतील; एसएसडीचा फायदा त्याला पहिल्याच दिवशी कळेल. प्लेस्टेशन ५ असलेल्याने मात्र प्रोचा मोह आवरावा आणि त्याच पैशांत दहा-बारा चांगले गेम घ्यावेत, त्यातले निम्मे छोट्या चमूंचे. कन्सोल कंपन्यांना तुमच्या खरेदीने फारसा फरक पडणार नाही. पुण्यात किंवा आणखी कुठे पाच-दहा जण मिळून पुढचा गेम घडवत असतील, त्यांना नक्की पडेल.